कर्ज विभागातल्या ताई आणि सतरा वर्षांचा कर्जबाजारी

ताई, नमस्कार.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. वय ४६, एका पतसंस्थेत कर्ज विभागात नोकरी. मुलगा नववीत आहे. शाळा सुटली की फुटबॉल आणि फुटबॉल संपला की मोबाईल. त्याचं इंग्रजी सुधारावं म्हणून जुन्या पुस्तकांच्या दुकानातून अंतराळयानाचं चित्र असलेली एक कादंबरी आणली, लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांची ‘द वॉरियर्स अप्रेंटिस’. त्यानं वीस पानं वाचून बाजूला टाकली. एका रविवारी मी सहज उघडली आणि रात्री दोन वाजता संपवूनच उठले. मग त्याच नायकाची ‘द व्होर गेम’ मागवली, तीही संपली. आता ‘मिरर डान्स’ आणि ‘मेमरी’ घरी येऊन पडल्यात. कुठली आधी घ्यायची कळेना.

मिस्टर शिरोलीला फाउंड्रीत इंजिनिअर आहेत. ते म्हणतात, “ह्यात सायन्स कुठं आहे, दाखव बघू.” आमचा दहा-बारा जणींचा वाचनकट्टा आहे. महिन्याला एकीनं एका पुस्तकावर बोलायचं. बहुतेक जणी आत्मचरित्रं नाहीतर सामाजिक कादंबऱ्या घेतात. पुढच्या महिन्यात पाळी माझी. एका मैत्रिणीच्या कानावर घातलं तर ती हसत सुटली, “अगं, हे पोरांचं वाचन!” तेव्हापासून ऑफिसात डबा खाताना वाचते ते पुस्तकाला पेपरचं कव्हर घालून. या वयात सतरा वर्षांच्या पोराच्या अंतराळातल्या भानगडींत जीव रमावा, हे जरा जास्तच होतंय का? कट्ट्यावर यावर बोलू का नको? आणि मुलाला हे पुस्तक परत हातात घ्यायला कसं लावू?

– राजारामपुरीची एक वाचक

प्रिय ताई,

आधी तातडीचं. ‘मिरर डान्स’ अजून उघडलं नसेल तर तसंच कपाटात ठेवा. ‘मेमरी’ त्याच्याही मागे. या दोन्हींच्या अगोदर ‘ब्रदर्स इन आर्म्स’ वाचायला पाहिजे. ती पृथ्वीवर, लंडनमध्ये घडते आणि तिच्यात एक माणूस पहिल्यांदा भेटतो. तो कोण, ते कळण्याची गंमत ‘मिरर डान्स’च्या पहिल्याच पानांत वाया जाईल. तेवढी मागवा आणि मगच पुढं जा.

आता तुमचा प्रश्न. जीव रमतोय हे बरोबर का, असं तुम्ही विचारता. मला तर पत्रात तुमचा विभाग वाचला आणि हसूच आलं. कारण ‘द वॉरियर्स अप्रेंटिस’चं सगळं इंजिन कर्जावर चालतं. अंतराळयानं, तोफा, भाडोत्री सैनिक हे वरचं झालं. खाली आहे एक बुडीत कर्जप्रकरण, आणि ते तुमच्याइतकं नीट दुसऱ्या कुणाला वाचता येणार?

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माइल्स व्होरकोसिगन हा बरायार नावाच्या ग्रहावरच्या बड्या सरदार घराण्यातला एकुलता एक मुलगा. आई गरोदर असताना तिच्यावर विषारी वायूचा हल्ला झाला. त्यामुळं याची हाडं काचेसारखी, उंची पाच फुटांच्या आतच. लष्करी अकादमीच्या शारीरिक परीक्षेत भिंतीवरून उडी मारतो आणि दोन्ही पाय मोडून घेतो. संपलं करिअर, सतराव्या वर्षी. मग आजीकडं दुसऱ्या ग्रहावर जातो. तिथं भंगारात निघालेलं एक जुनं मालवाहू यान आणि त्यात स्वतःला कोंडून घेतलेला एक वैमानिक त्याला भेटतो. या वैमानिकाच्या मेंदूतली यंत्रणा फक्त त्याच जातीच्या यानांवर चालते. यान मोडीत गेलं की हाही कायमचा घरी. माइल्सला दया येते आणि तो ते यान चक्क विकत घेतो. पैसे? आजोबांकडून वारशानं आलेली जमीन तारण ठेवतो. त्या जमिनीवर युद्धात अणुबॉम्ब पडलेत आणि ती अजून किरणोत्सारी आहे, एवढंच समोरच्याला सांगायचं राहून जातं.

ताई, खरं सांगा, इथं तुम्ही पुस्तक मिटून मोठ्यानं हसलात की नाही? सात-बारा न बघता, जागेवर न जाता कर्ज मंजूर करणारा तो गडी आणि समोर निरागस चेहऱ्यानं बसलेला हा पोरगा! इथून पुढं पहिला हप्ता फेडायला दुसरा उद्योग, तो निभवायला तिसरा, असं करत करत हा पोर एका भाडोत्री फौजेचा सरसेनापती होऊन बसतो. पगाराला पैसे नाहीत. मोबदला मिळतो तो अशा चलनात, की ते दुसरीकडं कुठं चालतच नाही. ताणानं त्याला पोटात अल्सर होतो आणि ऐन मोक्याला रक्ताची उलटी होऊन तो आडवा पडतो. अंतराळातल्या किती सेनापतींना ॲसिडिटीनं गाठलंय, सांगा बरं.

तुम्ही रमलात त्या याच्यात. मारामारी या पुस्तकात आहेच, पण ती माइल्सच्या हातून होत नाही. हात उगारला तर त्याचंच हाड मोडायचं. त्याच्याकडं जीभ आहे आणि थाप मारून झाली की ती खरी करून दाखवायची जिद्द आहे. आपल्या पिढीनं लहानपणी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे असाच वाचला. किडकिडीत पोरगा, अंगात बळ नाही, पण डोकं आणि सायकल दोन्ही सुसाट. तेव्हा कुणी तुम्हाला विचारलं नव्हतं की यात रमणं बरोबर का. फरक इतकाच, की बन्या पुस्तकागणिक तेवढाच राहतो, माइल्स मोठा होत जातो. वयाची तिशी गाठतो. मरता मरता वाचतो, नोकरी गमावतो आणि ती स्वतःच्या चुकीनं गमावतो. प्रेमात तोंडघशी पडतो. सतरा वर्षांचा पोरगा फक्त दारात उभा असतो. आत घर मोठं आहे आणि त्यातल्या बऱ्याच खोल्या चाळिशीपुढच्या माणसांसाठीच बांधल्यासारख्या आहेत. ‘अ सिव्हिल कॅम्पेन’पर्यंत पोचलात की बघाल. त्यात युद्ध नाहीच जवळजवळ. लग्नं जुळवणं, मानापमान, वारसाहक्काची भांडणं आणि एक जेवणावळ, जिचा असा काही विचका होतो की आपल्याकडची साखरपुड्यातली भांडणं फिकी पडावीत. ते पुस्तक लेखिकेनं जेन, शार्लट, जॉर्जेट आणि डोरोथी यांना अर्पण केलंय. पहिलं नाव जेन ऑस्टिनचं, हे तुमच्या त्या हसणाऱ्या मैत्रिणीला जरूर सांगा.

आणि हेही सांगा, की बुजोल्डबाई पहिली तीन पुस्तकं लिहीत होत्या तेव्हा अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका लहान गावात दोन लहान मुलांना सांभाळत घरी होत्या. तिन्ही हस्तलिखितं १९८५ मध्ये एकदम विकली गेली आणि १९८६ या एकाच वर्षात छापून आली. पुढं याच मालिकेतल्या तीन कादंबऱ्यांना ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथांसाठीचा मानाचा पुरस्कार, मिळाला. तुम्ही वाचलेली ‘द व्होर गेम’ त्यातलीच, घरात पडलेली ‘मिरर डान्स’ही. २०१७ मध्ये अख्ख्या मालिकेलाही ह्यूगो मिळाला. पुरस्कार मिळाला म्हणून पुस्तक चांगलं, असं मी म्हणत नाही. पण कट्ट्यावर काहींना आधी बिल्ला दाखवावा लागतो.

आता त्या कट्ट्याबद्दल. बोला. पण कादंबरी घेऊन जाऊ नका. ‘द माउंटन्स ऑफ मोर्निंग’ ही याच मालिकेतली दीर्घकथा न्या. एका बैठकीत वाचून होते. ती ‘बॉर्डर्स ऑफ इन्फिनिटी’ या पुस्तकात मिळेल. तुम्ही ती वाचलेली दिसत नाही, म्हणून शेवट सांगत नाही, पण विषय सांगते.

माइल्स वीस वर्षांचा झालाय. डोंगरातल्या एका खेड्यातून एक बाळंतीण पायी चालत त्याच्या वडिलांच्या वाड्यावर येते. तिचं तान्हं बाळ मेलंय. मेलं नाही, कुणीतरी मारलंय. ओठ फाटलेली मुलगी होती ती. बरायारवर व्यंग घेऊन जन्मलेली मुलं पूर्वापार मारली जात. कायद्यानं ते आता खून ठरतं, पण डोंगरात कायदा पोचलेला नाही. वडील तपासाला पाठवतात कुणाला, तर माइल्सला. स्वतःच वाकड्या हाडांचा, गावाच्या नजरेत जन्मताच मारायला हवा होता असा हा मुलगा त्या गावात न्याय करायला जातो. गाव तोंड उघडत नाही. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच बोलत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यानं मुलींच्या घटत्या प्रमाणाच्या बातम्या किती वर्षं वाचल्यात, ते कट्ट्यावरच्या कुणालाही सांगायला नको. सोनोग्राफीच्या धाडी, पंचनामे, आणि ‘आमच्यात असलं काही नाही’ म्हणणारी घरं. ही कथा पूर्ण वाचल्यावर खून कुणी केला यापेक्षा शिक्षा काय द्यायची, यावर तुमच्या कट्ट्यात वाद होईल आणि तो लवकर मिटायचा नाही. १९८९ सालची कथा आहे. तिला ह्यूगोही मिळाला आणि नेब्युला हा विज्ञानकथांचा दुसरा मोठा पुरस्कारही. यान एकही उडत नाही. घोड्यावर बसून जातात सगळे.

एक छोटी युक्ती. बोलायला सुरुवात कराल तेव्हा ‘अंतराळ’ शब्द काढायचा नाही. बाळंतीण वाड्याच्या दारात उभी आहे, तिथून सुरू करा. बरायार समजावायला तर आपल्या गावाइतकं सोयीचं गाव नाही. हा ग्रह कित्येक शतकं बाकीच्या जगापासून तुटलेला होता. मग एकदम बाहेरचं जग येऊन आदळलं. म्हणून तिथं सरदार, जहागिऱ्या, तलवारी आणि मानमरातब आहेत आणि त्याच्याच जोडीला अंतराळयानंही. संस्थान बघितलेल्या, किमान संस्थानाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या कोल्हापूरकरांना यात काही समजावून सांगावं लागत नाही. आजोबा नातवाला नाव द्यायला तयार नाहीत, कारण घराण्यात असलं पोर चालत नाही, हेसुद्धा नाही.

तरीही कुणी म्हणालंच की विज्ञानकथा म्हणजे पोरखेळ, तर डॉ. जयंत नारळीकरांचं नाव घ्या. जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. आपल्या नावाचा परीक्षकांवर दबाव नको म्हणून. आणि पहिलं बक्षीस त्या अनोळखी जगतापांनाच मिळालं. पेपरच्या कव्हराची आठवण झाली म्हणून सांगितलं. जगातल्या नामांकित खगोलशास्त्रज्ञानं विज्ञानकथा लिहिली आणि नाव लपवलं ते मोठेपणा आड येऊ नये म्हणून. तुम्ही लपवताय कुणापासून? डबा खाताना समोर बसणाऱ्या सहकाऱ्यांपासून? काढा ते कव्हर. मुखपृष्ठ भडक आहे, हे मला मान्य आहे. या मालिकेची बरीच मुखपृष्ठं बघून पुस्तकात एवढं शहाणपण असेल असं वाटत नाही. पण कुणीतरी “काय वाचताय?” म्हणून विचारेल, आणि तुम्ही किरणोत्सारी जमिनीच्या तारणाची गोष्ट सांगितलीत की अख्खा कर्ज विभाग पुस्तक मागेल.

क्रम हवा होता तो असा. स्वतः लेखिका म्हणतात, कथेतल्या काळाप्रमाणं वाचा. म्हणजे माइल्सच्या आईपासून, ‘शार्ड्स ऑफ ऑनर’पासून सुरू करा. मला हे पटत नाही. ज्याला माइल्स आवडलाय त्याला आधी माइल्स द्यावा. म्हणून ‘द माउंटन्स ऑफ मोर्निंग’, मग ‘ब्रदर्स इन आर्म्स’, मग थांबा आणि मागं जा. ‘शार्ड्स ऑफ ऑनर’ आणि ‘बरायार’ पाठोपाठ वाचा. त्या आईच्या कादंबऱ्या आहेत. मुलगा आधी भेटलेला असल्यामुळं ‘बरायार’मध्ये ती पोटातल्या जिवासाठी जे करते ते वाचताना हात थरथरतात. तिथून ‘मिरर डान्स’, ‘मेमरी’, ‘कोमार’, ‘अ सिव्हिल कॅम्पेन’, हे मात्र याच ओळीत, एकही इकडचं तिकडं करायचं नाही. उरलेल्या कुठंही बसतात. सगळ्या विकत घेत बसू नका, महागात जाईल. ई-बुक बघा, आणि वाचनालयात मागणी नोंदवा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. तिथं आजवर याहून विचित्र मागण्या आल्या असतील.

मुलाचं काय करायचं? काही करायचं नाही. आईनं “वाच, फार छान आहे” म्हटलेलं पुस्तक नववीतल्या मुलानं वाचल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. त्यात तुम्ही ते इंग्रजी सुधारायला आणलं होतं. म्हणजे औषधच झालं ते. पुस्तक बैठकीत पडू द्या. फार तर एवढंच बोलून जा, की यातला पोरगा सिलेक्शनच्या दिवशी दोन्ही पाय मोडून घेतो आणि बाहेर फेकला जातो. तुमचा मुलगा फुटबॉल खेळतो. ट्रायलला बाहेर पडणं म्हणजे काय, ते त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असणार. पहिल्या वीस पानांतच ते होतं, म्हणजे त्यानं तेवढं वाचलंय. मग कुठं अडला ते विचारा, जमल्यास. माझा अंदाज, नावांत. पहिल्या प्रकरणात बरायारी नावांचा मारा आहे. एका कागदावर कोण कुणाचा कोण, एवढं लिहून पुस्तकात खूण म्हणून ठेवा, पण स्वतःसाठी ठेवलंय असं दाखवून.

एक गोष्ट आई म्हणून तुम्हाला ठाऊक आहेच, कारण तुम्ही शेवटपर्यंत वाचलंय. माइल्सची बालमैत्रीण एलेना, तिच्या आईचं आणि माइल्सचा अंगरक्षक बोथारी याचं प्रकरण कोवळं नाही. नववीतल्या मुलानं ते वाचू नये असं मी म्हणणार नाही. बातम्यांत तो यापेक्षा वाईट बघतो आणि तिथं कुणी त्याला त्याचा अर्थ लावून देत नाही. पण त्यानं पुस्तक संपवलं तर त्यावर एकदा बोला. ‘शार्ड्स ऑफ ऑनर’ मात्र अजून दोन-तीन वर्षं त्याच्या हाती देऊ नका. आणि त्याला शेवटपर्यंत माइल्स नकोच वाटला तर नको. नायजेरियन वंशाच्या अमेरिकन लेखिका नेदी ओकोराफोर यांची ‘बिंटी’ ठेवा समोर. २०१५ ची, शंभरेक पानांची. नामिबियातल्या हिंबा जमातीची सोळा वर्षांची मुलगी, गणितात हुशार, घरच्यांना न सांगता पहाटे निघून दुसऱ्या ग्रहावरच्या विद्यापीठात शिकायला जाते. पानं कमी असली की पोरं जरा लवकर वळतात.

राहिले तुमचे मिस्टर. सायन्स कुठं आहे म्हणतात. प्रकाशाच्या वेगापलीकडं जाता येत नाही, हे त्यांचं बरोबर आहे. म्हणून ही यानं अवकाशातल्या बोगद्यांतून उडी घेतात. तशा बोगद्याचं गणित आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ मध्येच मांडलं होतं, पाहिला मात्र अजून कुणी नाही. बुजोल्डबाईंचं खरं सायन्स जीवशास्त्रात आहे. त्यांच्या १९८६ च्या पुस्तकात बाळं कृत्रिम गर्भाशयात वाढतात. २०१७ मध्ये फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी अपुऱ्या दिवसांची कोकरं द्रवानं भरलेल्या पिशवीत चार आठवड्यांपर्यंत वाढवून दाखवली.

पण फाउंड्रीतल्या माणसाला कोकरांशी काय करायचंय? त्यांना ‘फॉलिंग फ्री’ द्या. माइल्सच्या जन्माच्या दोनेकशे वर्षं आधीची गोष्ट, बाकी काही वाचलेलं नसलं तरी अडत नाही. नायक वेल्डिंग शिकवणारा मधल्या वयाचा इंजिनिअर आहे. जोडाच्या तपासणीचे खोटे रिपोर्ट भरणाऱ्यांवर तो वर्गात जे बोलतो, ते शिरोलीच्या कुठल्याही क्वालिटी विभागाच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे. लेखिकेचे वडील वेल्डिंगचे प्राध्यापक होते, आणि माल न फोडता तो आतून तपासायच्या शास्त्रावरच्या प्रसिद्ध संदर्भग्रंथाचे संपादक. त्यामुळं हे सगळं घरातूनच आलंय. शेवटाकडं नायकाच्या यानाचा एक महत्त्वाचा भाग फुटतो आणि नवा मिळायची सोय नसते. मग हा इंजिनिअर बर्फाचा साचा तयार करतो आणि टायटॅनियमचा पत्रा स्फोट घडवून त्या साच्यात बसवतो. हे खरोखर जमेल का, बर्फ तेवढा दाब घेईल का, टॉलरन्स किती राहील, ते मिस्टरांनाच विचारा.